परत यायचं कसं, ते कुणी शिकवलंच नाही

आधीच सांगून ठेवते. हे वाचून झाल्यावर "ताई, तुम्हाला जे सहज मिळालं त्यासाठी लोक जन्मभर डोळे मिटून बसतात" असं म्हणायला माझ्याकडं येऊ नका. असं म्हणणारे मला पुष्कळ भेटले. त्यातल्या एकीची एकच भुवई करून मी तिला खुर्चीवरून उठवलं होतं. दुसरी तशीच ठेवून ती घरी गेली आणि मला त्याचं अजून काही वाटत नाही.

माझं शिक्रापूरला पार्लर आहे. हायवेपासून आत, खोल्या भाड्यानं देतात त्या गल्लीत. कंपनीत जाणाऱ्या पोरी येतात, बिहारकडच्या बायका येतात, लग्नसराईत आसपासच्या गावांतल्या नवऱ्या मुली येतात. मिस्टर कंपनीत शिफ्टला असतात म्हणून आम्ही तिथंच खोली घेतलीय. खरं घर वस्तीवर, इनामगावच्या अलीकडं घोड नदीच्या काठाला. सासरे होते तोवर मेंढरं होती, आता ऊस आणि कांदा. तिथं सासूबाई असतात. त्यांना मी आत्या म्हणते. आणि आमच्याजवळ शिक्रापूरला आमची सानिका, सहावीला.

एवढी चार माणसं. त्यातली मी मधेच नाहीशी झाले. घरातच होते, भाकरी करत होते, भुवया करत होते, आणि नव्हते. ते कसं झालं आणि त्यावर कोण काय म्हणालं ते लिहिते. कुणाच्या घरात असं झालं असेल तर त्यांना कळावं एवढ्यासाठी. आणि खरं सांगायचं तर मला अजून फार राग आहे, त्यासाठीही.

बिंदू

माझी आई गेली त्या वर्षी माझी झोप गेली. डोकं सारखं चालू. पार्लरमध्ये एक बँकेतल्या मॅडम यायच्या, त्या म्हणाल्या, "केडगावच्या पुढं आमचे गुरुजी आहेत. एकदा येऊन बसा." रविवारी सुट्टी असली की मिस्टर मला गाडीवर सोडायला लागले. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून केडगाव. दौंड रस्त्याला उसात एक पत्र्याचं सभागृह होतं. आत चटया, स्वच्छता, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मला पहिल्या दिवशी तेवढंच फार आवडलं.

गुरुजी नोकरीतून निवृत्त झालेले. मधली काही वर्षं डोंगराकडं लामांच्या मठात राहून आलेले. पांढरा कुर्ता, मऊ आवाज. ते कुणाकडून काही घेत नव्हते हे आत्ताच सांगते, नाहीतर लोकांना वाटतं भोंदूबाबा असेल. भोंदू असते तर बरं झालं असतं, मी केव्हाच ओळखलं असतं. दिवसभर चेहरेच बघते मी.

साधना अशी होती. डोळे मिटून समोर एक देवी उभी करायची, लाल, उजेडाची. ती आपल्यात उतरते, आपण तीच होतो. मग बाहेरून आत विरघळत यायचं. आधी गाव आणि घर जातं, मग हातपाय, मग धड. काळजापाशी एक अक्षर उरतं. तेही खालून वर विरत जातं आणि त्याच्या डोक्यावरचा बिंदू उरतो. शेवटी बिंदूही जातो. "आता जे आहे ते मनाच्या पलीकडचं," गुरुजी सांगायचे. "त्याला बघू नका. बघणाराही सोडा."

बाकीच्यांना ते जमायचं नाही. डुलक्या काढायचे, मांड्या चोळायचे. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोऱ्याच्या दोन पदरांत एकेक केस पकडणारी बाई. मला बिंदू धरणं काय अवघड. काही महिन्यांतच मला अक्षर दिसायचं, बिंदू दिसायचा, आणि एका रविवारी तो गेला.

ते खरं होतं. मी रागात असले तरी खोटं बोलणार नाही. उसातून एक पाखरू ओरडत होतं आणि ऐकणारं कुणी नव्हतं, नुसतं ओरडणं होतं. आई गेल्याचं दुःख होतं, पण ते कुणाला चिकटलेलं नव्हतं. किती वेळ गेला माहीत नाही. घंटा वाजली तेव्हा मी रडत होते आणि फार हलकं वाटत होतं. त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर जेवले आणि झोपले. सगळं तिथंच थांबलं असतं तर आज मी गुरुजींचा फोटो घरात लावला असता.

हात कुणाचा

पण मला आणखी हवं झालं आणि गुरुजींनाही. "आता रोज बसा. पहाटे बसा, झोप कमी करा, उपवास धरा," ते म्हणाले. मी तसं केलं. आणि असंच एकदा सभागृहात बिंदू गेला, घंटा वाजली, मी डोळे उघडले, तर मांडीवर एक हात होता. बांगड्या माझ्या होत्या. हात कुणाचा ते कळेना. मी बोटं हलवली, ती हलली, पण ते हलवणं दुसरीकडं कुठंतरी चाललं होतं.

वाटेत चौफुल्याला चहा घेतला. गोड होता हे कळलं. मिस्टर विचारत होते, "डोकं दुखतंय का?" मी म्हणाले, "नाही." ते म्हणणारा आवाज मागच्या टेबलावरून आल्यासारखा वाटला. रस्ता, ट्रक, माणसं, सगळं काचेपलीकडं. भीती वाटली का, असं मला नंतर खूप जणांनी विचारलं. भीती वाटायला आत कुणीतरी लागतं.

पार्लर चालू होतं, हात आपोआप काम करत होते. गिऱ्हाइकांच्या चेहऱ्याकडं बघितलं की चामडी दिसायची, तिला पाडलेली भोकं दिसायची. सानिका शाळेतून येऊन काहीतरी सांगायची. तिचे ओठ हलताना मी बघायचे. मी तिला जवळ घ्यायचे, कारण आई असं करते हे मला माहीत होतं. पोरगी मिठीतून हळूच सुटायची. पोरांना कळतं हो, आपल्याला वाटतं त्याच्या आधी कळतं.

मी गुरुजींना फोन केला. विचारलं, "मला परत यायचंय. परत कसं यायचं?"

ते प्रेमानं हसले. "परत कोण येणार, सुनंदाताई? येणारा कुठं उरलाय?"

हे वाक्य मी अजून विसरले नाही. गल्लीतलं कुत्रं गटारात पडलं तरी लोक दोरी शोधतात. या माणसानं मला फोनवरून सुविचार ऐकवला. आणि पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर मला पहिल्या चटईवर बसवून सांगितलं, "यांना शून्य लाभलं. यांचं दर्शन घ्या." शिकलेसवरलेले लोक, गाड्या बाहेर लावून आलेले, माझ्या पाया पडले. मी बसून होते. मला काहीच वाटत नव्हतं, आणि तेवढ्यासाठीच ते पाया पडत होते.

झाड

वस्तीवर तर त्याच्यावर कडी झाली.

आम्ही धनगर. आमच्यात ज्याच्या अंगात देव येतो त्याला झाड म्हणतात. माझे आजेसासरे बिरोबाचं झाड होते. ते गेल्यापासून घरात झाड नव्हतं आणि आत्यांच्या मनाला ते लागून राहिलं होतं. अवसेला आम्ही वस्तीवर गेलो होतो, देवापुढं ढोल वाजत होते. मी खांबाला टेकून बसले होते, पापणी लवत नव्हती. आत्या समोर आल्या, माझ्या तोंडापुढं हात फिरवला. मी हलले नाही. त्यांनी मूठभर भंडारा घेऊन माझ्या कपाळाला फासला.

"झाड धरलं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता. "माझ्या घरात परत झाड धरलं."

अंगात आलेली बाई घुमते, केस सोडते. मी त्यातलं काही करत नव्हते, तर त्याचंही कौतुक. "शांत देव हाय," म्हणाल्या. बायका प्रश्न घेऊन यायला लागल्या. गावातल्या एक पाटलीणबाई आल्या, म्हणाल्या, "आमच्या धाकल्याला औंदा सोसायटीला उभा करू का?" मी गप्प. आत्यांनी अर्थ लावला, "देव न्हाई म्हणत न्हाई. म्हंजी व्हय." तो उभा राहिला आणि आला निवडून. झालं. पुढच्या अवसेला अंगणात चपला ठेवायला जागा नव्हती.

आत्यांवर माझा राग आहे, पण तो वेगळा आहे. त्यांना जे माहीत होतं त्यातच त्यांनी मला बसवलं, आणि मनापासून बसवलं. वस्तीवर गेले की मला स्वतःच्या हातानं आंघोळ घालायच्या, पाटावर बसवून पहिला घास मला भरवायच्या. पण एकदाही विचारलं नाही की सुनंदे, तुला काय होतंय? देवाला कुणी असं विचारतं का? केडगावात मी शून्य, वस्तीवर मी झाड. दोन्हीकडं लोकांनी पाय धरले, आणि माणूस बुडत असला की धरायचा असतो तो हात कुणी धरला नाही.

वॅक्स

सानिका शाळा सुटली की पार्लरमध्ये येऊन अभ्यास करायची. त्या दिवशी स्टूल ओढताना तिचा धक्का लागला आणि वॅक्सचं तापलेलं भांडं तिच्या हातावर आलं. ती किंचाळली.

मी बघत होते. ही माझी मुलगी आहे, हिचा हात भाजलाय, पाणी ओतायला पाहिजे, हे सगळं मला कळत होतं. पण कळणं आणि उठणं यांच्यामध्ये जे काय असतं ते माझ्याकडं नव्हतं. खुर्चीवर रुबी नावाची कंपनीतली पोरगी बसली होती. अर्ध्या चेहऱ्याला फेसपॅक तसाच ठेवून ती उठली, सानिकाला ओढत नळाखाली नेलं, आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "दीदी, आपकी बच्ची है. क्या देख रही हो?"

सानिका हाताकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती.

बँकेतल्या मॅडमना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "केवढं समत्व." आज आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. पोरीच्या कातडीला फोड आले होते, त्याला ही बाई समत्व म्हणत होती. उचलली जीभ लावली टाळ्याला.

माझे मिस्टर, दत्ता त्यांचं नाव, कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही. पोरीच्या हाताला मलम लावत म्हणाले, "उद्या डॉक्टर. गुरुजी न्हाई, देव न्हाई. डॉक्टर." आत्यांनी फोनवर रडून गोंधळ घातला, देवाला सुई टोचणार का म्हणून. मिस्टरांनी फोन ठेवून दिला.

नाव

शिरूरच्या आमच्या डॉक्टरांनी दौंडच्या मानसोपचाराच्या बाईंकडं चिठ्ठी दिली. छोटं हॉस्पिटल, वर काही खाटा. बाई माझ्याच वयाच्या, सर्दी झालेली, सारख्या नाक पुसत होत्या. देवापुढं आणि शून्यापुढं बसलेल्यांपेक्षा मला ते बरं वाटलं असणार, तेव्हा कळलं नाही इतकंच.

"आरशात बघितल्यावर कोण दिसतं?" त्यांनी विचारलं.

"बाई."

"कुठली?"

"पार्लरवाली."

त्यांनी ते लिहून घेतलं नाही. मग म्हणाल्या, "असं राहणं तुम्हाला हवंय का?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. कुणीच नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रडणारं आत कुणी नव्हतं, पाणीच येत होतं. डॉक्टरबाईंनी टिश्यूचा डबा माझ्याकडं सरकवला आणि त्यातला एक स्वतःलाही घेतला.

मिस्टरांनी विचारलं, "हिला वेड लागलंय का?"

"नाही. वेडात माणसाला खोटं खरं वाटतं. यांना खरं खोटं वाटतंय, आणि तसं वाटतंय हे यांना कळतंय. यात फार त्रास असतो." त्यांनी एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. आपण आपल्यालाच परके होणं, असा त्याचा अर्थ. दुःख होतं, झोप नव्हती, उपवास होते, त्यात एवढी खोल साधना, तीही लक्ष ठेवणारं कुणी नसताना. "होतं असं काही जणांना. बहुतेकांना ध्यानानं काही होत नाही, पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं." मग त्यांनी विचारलं, "आत जायचं शिकवलं. बाहेर यायचं शिकवलं होतं का?"

मी नाही म्हणाले. त्यांनी पेन टेबलावर आपटल्यासारखं ठेवलं.

मोसंबी

मी खात नव्हते आणि झोपत नव्हते, म्हणून ठेवून घेतलं. सकाळी सिस्टर गोळ्या द्यायच्या आणि जीभ वर करायला लावायच्या. मग अनवाणी फरशीवर चालायचं, पाय कुठं टेकतायत ते मोठ्यानं सांगत. बर्फ हातात धरायचा. डोळे मिटून बसायचं नाही, अजिबात नाही. भाकरी, कालवण, पोटभर. उपवासाचं नाव काढलं की डॉक्टरबाई माझ्यावर ओरडायच्या. शेजारच्या खाटेवर कुरकुंभकडची एक काकू होती, ती दिवसभर मला तिच्या सुनेच्या चहाड्या सांगायची. तेही औषधच होतं असं मला आता वाटतं.

एक सिस्टर एकदा म्हणाल्या, "ताई, माझ्या भुवया करता का? घरी लग्न आहे." त्यांनी दोरा आणला. हात चालले. सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं, त्या "सावकाश" म्हणाल्या आणि माझा हात आपोआप हलका झाला. एवढंच. पण त्या दिवशी मी जरा झोपले.

सानिकाला तेवढ्यापुरतं वस्तीवर आत्यांकडं ठेवलं होतं. भेटायला आणा म्हणून मी कधी म्हणाले नाही. मला तिची आठवण येत नव्हती. हे लिहायला नको वाटतं, पण येत नव्हती. मिस्टर कामावरून परस्पर यायचे, डबा उघडून द्यायचे, निघताना म्हणायचे, "सानू विचारत होती." मी मान हलवायचे. ते जिना उतरून जायचे.

मग एका दुपारी गुरुजी आले. बरोबर बँकेतल्या मॅडम आणि मोसंबीची पिशवी. गुरुजी खाटेशेजारी स्टुलावर बसले, माझ्या गोळ्यांकडं बघून त्यांनी सुस्कारा सोडला.

"या थांबवा," ते म्हणाले. "दार उघडलंय, ते या बंद करतील. डॉक्टरांना मनाच्या पलीकडचं काय कळणार?"

मी गप्प बसले होते. गप्प बसणं हेच तर माझं काम झालं होतं. मग त्यांनी आनंदाची बातमी सांगितली.

"सानिकाही बसायला येते हं आता. या मॅडम गाडीतून आणतात, आजींनीही परवानगी दिली. फार तयार मुलगी आहे. मी विचारलं, बाळ, तुला काय हवंय? म्हणाली, मम्मी जिथं गेलीय तिथं जायचंय मला. तिला घेऊन यायचंय." गुरुजींचे डोळे भरून आले. "केवढा शुद्ध संकल्प. तिलाही बिंदू दिसायला लागलाय."

आधी पोटात काहीतरी पेटलं. मग छातीत, मग कानांत. मला वाटलं मला काहीतरी होतंय, मरतेय का काय. मग कळलं की हा राग आहे आणि तो मला आलाय. मी मोसंब्यांची पिशवी ओढली आणि एकेक फेकायला लागले. पहिलं भिंतीला लागलं, दुसरं गुरुजींच्या खांद्याला. माझ्या तोंडून वस्तीवरची भाषा यायला लागली, जी मी पार्लर टाकल्यापासून गिळून ठेवली होती.

"माझ्या लेकराला डोळं मिटाया लावतोस? तुझ्या शून्याला आग लागली. मला बुडवलं ते बुडवलं, आता पोरगी पायजे व्हय तुला? पुन्हा तिला गाडीत घातलं तर तंगडी मोडून हातात देईन, दोघांची बी."

मॅडम दाराकडं पळाल्या. गुरुजी उठले, पण त्यांचा आवाज तसाच मऊ. "सुनंदाताई, क्रोध हे विष आहे. बघा त्याच्याकडं, तो कुणाचाच नाही."

"माझा हाय," मी म्हणाले. "विष तर विष. माझं हाय."

आणि ते फेकणारे हात माझे होते. बोटांना मोसंब्याचा वास येत होता तो मला येत होता. सिस्टर इंजेक्शन घेऊन धावत आल्या. मागून डॉक्टरबाई आल्या, जमिनीवरची मोसंबी बघितली, माझं तोंड बघितलं आणि सिस्टरना म्हणाल्या, "थांबा जरा. यांना चिडू दे." मग गुरुजींना म्हणाल्या, "तुम्ही खाली जा. परत वर यायचं नाही." कुरकुंभच्या काकूंनी खाटेखाली गेलेली मोसंबी गोळा केली आणि सोलून सगळ्यांना वाटली.

मिस्टरांनी त्याच दिवशी वस्तीवर जाऊन आत्यांना सांगितलं की सानिका आता कुठंही जाणार नाही. आत्यांशी ते कित्येक दिवस बोलले नाहीत.

थोडं तुमच्यासाठी

सिनेमात होतं तसं मोसंबी फेकली आणि बरी झाले असं झालं नाही. रागाच्या मागून भीती आली, मग लाज आली, मग भूक. दोन दिवस बरी असायचे आणि तिसऱ्या दिवशी परत काच. गोळ्या अजून चालू आहेत. पण राग आला त्या दिवसापासून येण्याजाण्याला एक वाट झाली होती. लोक म्हणतात राग सोडा, राग सोडा. मी काही दिवस रोज सकाळी उठून तो आहे का ते चाचपून बघायचे, तो असला की जीव भांड्यात पडायचा.

साधना लामांकडची होती, तरी बुद्धाशी माझं भांडण नाही. बरी झाल्यावर मी दौंडला येणाऱ्या एका बौद्ध भंतेंना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, "शून्यातून उठलेल्याला दुसऱ्याचं दुखणं जास्त लागायला पाहिजे. ते लागत नसेल तर आम्ही त्याला बसू देत नाही. अंगण झाडायला लावतो, लोकांना जेवायला वाढायला लावतो." मला ऐकून आणखीच राग आला. म्हणजे हे माहीत होतं लोकांना. जुनंच होतं. आमच्या गुरुजींनी अर्धंच पान वाचून सभागृह बांधलं होतं.

तुमच्या घरात कुणी असं झालं, हसायचं विसरलं, मुलांकडं भिंतीकडं बघावं तसं बघायला लागलं, तर त्याला ना चटईवर बसवा ना पाटावर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं करू नका. त्याला जेवायला घाला, झोपवा, डॉक्टरकडं न्या. आणि विचारा, तुला हे हवंय का? एवढं एक वाक्य विचारायला पदवी लागत नाही.

कांद्याची चाळ

घरी सोडलं त्या दिवशी आम्ही दौंडहून सरळ वस्तीवर गेलो. मला सगळ्यांची माया परत आली होती असं नाही. सगळ्यात उशिरा तीच येत होती, जराजराशी, आणि मला त्याचीच धास्ती होती. आत्या गोठ्यात होत्या. त्यांनी मला बघितलं, पाया पडायला वाकल्या आणि मधेच थांबल्या. "बरी हाईस का गं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "हाय आत्या. सानू कुठंय?"

त्यांनी नुसता हात केला. सानिका कांद्याच्या चाळीमागं पोत्यावर बसली होती. मांडी घातलेली, पाठ ताठ, डोळे मिटलेले. हातावर वॅक्सचा डाग. केडगावला जाणं बंद झालं होतं, पण तिचं बसणं कुणी बंद केलं नव्हतं. ते कुणाला माहीतच नव्हतं.

मी तिच्यासमोर मातीत बसले. "सानू, उठ."

"मम्मी येईपर्यंत बसायचंय," ती डोळे न उघडता म्हणाली.

"आलेय की मी."

तिनं एक डोळा उघडला. वरपासून खालपर्यंत मला बघितलं, पार्लरमध्ये नवीन बाई खुर्चीवर बसली की मी बघते तसं. "कशावरून?"

मागंही मी रोज घरी येऊन "आले गं" म्हणायचे, आणि ते खोटं होतं हे तिला माहीत होतं. मिस्टर लांब उभे होते. सानिका पुढं सरकली. माझा दंड धरला, आतल्या बाजूची मऊ कातडी दोन नखांत पकडली आणि पिळली. जोर लावून पिळली. पिळताना माझ्या तोंडाकडं बघत होती, पापणी न हलवता.

"आई गं. ए भवाने, रगात काढतीस का काय? सोड," मी ओरडले आणि तिच्या हातावर सणसणीत चापट मारली. जोरात लागली तिला. मला राग आला होता, दंड जळत होता, आणि तिचा हात लाल झालेला बघून मी तोच हात चोळायला घेतला.

सानिकाचा खालचा ओठ थरथरला. ती उठली, चप्पल न घालता चाळीला वळसा घालून अंगणाकडं पळाली, रडत आणि ओरडत.

"आज्जे, मम्मी आली गं. आज्जे. मला मारलं तिनं."